रस्त्याच्या टोकाला कोण राहते?

'रस्ता' हा शब्द मराठीत फार निरागस झाला आहे. धरण म्हटले की बुडणारे गाव डोळ्यांसमोर येते. कारखाना म्हटला की धूर आणि सांडपाणी आठवते. वसाहत म्हटली की ती कुणाची, असा प्रश्न तरी उमटतो. रस्त्याबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. रस्ता सगळ्यांचा, आणि रस्त्याला हरकत घेणारा विकासाचा वैरी, असे समीकरण पुढाऱ्यांनी, वर्तमानपत्रांनी आणि काही अंशी पाठ्यपुस्तकांनीही पक्के करून ठेवले आहे. नव्या गृहवसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी होणारी सक्तीची जमीनखरेदी या निरागसपणाच्या आडून चालते, असे आमचे म्हणणे आहे. घरे बांधणाऱ्या खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करायची तर कायदा शेतकऱ्यांची संमती मागतो; त्याच घरांच्या दारापर्यंत जाणाऱ्या सरकारी रस्त्यासाठी मात्र ती मागत नाही. या फरकाला तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही. त्यात एक अन्याय आहे आणि तो उघड करणे हेच या लेखाचे प्रयोजन.

सुरुवात आम्ही मुद्दाम तळीयेपासून करतो, कारण आमच्या भूमिकेची सर्वांत कठीण कसोटी तेथे लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे त्यात गेली. त्या दिवशी महाड शहर सावित्रीच्या पुरात होते, वाटा दरडींनी अडल्या होत्या, आणि बचावपथके वाडीपर्यंत पोचली ती दुसऱ्या दिवशी. त्याच पावसात शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे माणसे दरडीखाली सापडली. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या महाड तालुक्यातील गावांनी हेच भोगले होते. पुढे जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा डोंगरावरच्या त्या ठाकरवाडीपर्यंत गाडीरस्ताच नसल्याने माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. माणसांनी कुदळ-फावड्यांनी माणसे शोधली. रस्ता नसणे म्हणजे काय, हे रायगड जिल्ह्याच्या या अंगाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

तळीयेच्या दरडग्रस्तांसाठी नवी घरे बांधण्याची जबाबदारी म्हाडाने घेतली. घरे होईपर्यंत अनेक कुटुंबांनी लोखंडी कंटेनरांतून एकाहून अधिक पावसाळे काढले. नवी वसाहत आली की तिला रस्ता आला, आणि डोंगरउताराच्या गावात रस्ता आकाशातून जात नाही. तो कुणाच्या तरी भातखाचरातून, कुणाच्या तरी वरकस जमिनीतून जातो. ज्याची खाचरे त्यात जातात तो शेतकरीही बहुधा त्याच गावचा, त्याच डोंगराखाली राहणारा असतो. दरडीने घर गमावलेल्याला रस्ता हवा, ही मागणी इतकी न्याय्य आहे की तिच्यापुढे दुसरे कोणतेही हित सहज लहान वाटावे. आम्ही ती मागणी मान्य करतो. रस्त्यांचे विरोधक म्हणून आम्हांला खोडून काढायला निघालेल्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. आमची हरकत निराळी आहे. तळीयेसारख्या वसाहतीच्या रस्त्याला जे नैतिक बळ आहे, ते त्याने दुःखाच्या मोबदल्यात मिळवलेले आहे. तेच बळ राज्यातल्या प्रत्येक गृहवसाहतीच्या रस्त्याला आयते बहाल केले जाते, आणि कायद्याच्या कागदावर या दोन रस्त्यांत काडीचाही फरक उरत नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. तो आमचा व्यवसायच आहे. दस्तऐवजांच्या मराठीत 'खूषखरेदीखत' असा एक जुना शब्द आहे. देणारा आपल्या खुशीने देतो आहे, घेणारा आपल्या खुशीने घेतो आहे, हे त्या 'खूष'मध्ये अभिप्रेत असते. खरेदी या क्रियेला दोन मने लागतात, एवढी समज आपल्या भाषेला फार पूर्वीपासून आहे. 'सक्तीची खरेदी' हा शब्दप्रयोग म्हणूनच वदतोव्याघात आहे. जिथे विकणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, तिथे पैसे दिले जातात एवढ्यावरून त्या व्यवहाराला खरेदी म्हणता येत नाही. सरकारी शब्द 'संपादन' हा त्या मानाने अधिक धूर्त. संपादन म्हणजे मिळवणे. ज्ञान संपादन करावे, पुण्य संपादन करावे, लोकांचा विश्वास संपादन करावा. असा सात्त्विक शब्द घेण्याच्या क्रियेला लावला की गमावणारा वाक्यातून नाहीसा होतो. अधिसूचनेचे वाक्य पाहा: 'सदर जमीन सार्वजनिक प्रयोजनार्थ संपादित करण्यात येत आहे.' कोण करतो आहे? कोणाकडून? कोणासाठी? कर्मणी रचनेने तिन्ही प्रश्न एका फटक्यात मिटवले. उरले ते एकटे 'सार्वजनिक प्रयोजन'.

या 'सार्वजनिक' शब्दाचा अर्थ काय, याची झडती महाराष्ट्रात जर कोठे सर्वांत कठोरपणे घेतली गेली असेल, तर ती महाड येथेच. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागदावर तळे सार्वजनिक झाले. प्रत्यक्षात ते झाले नव्हते, म्हणून डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. पुढे विरोधकांनी तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा न्यायालयात केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला तेव्हा १९३७ साल उजाडले होते. त्या दहा वर्षांनी घालून दिलेला धडा असा, की एखादी गोष्ट सार्वजनिक आहे की नाही हे तिच्यावर लावलेल्या पाटीवरून ठरत नाही. तिचा वापर कोण करू शकतो आणि कोणाला अडवले जाते, यावरून ते ठरते. पाणवठ्याला लावलेली ही कसोटी रस्त्याला लावायला काय हरकत आहे? ज्या रस्त्याच्या टोकाला फाटक आहे, फाटकावर रखवालदार आहे, आणि ज्याच्या शेतातून तो रस्ता आला त्यालाच आत जाताना वहीत नाव लिहावे लागते, तो रस्ता सार्वजनिक कोणत्या अर्थाने?

आता कायदा. १८९४ चा भूसंपादन कायदा हा वसाहती सत्तेचा कायदा होता; सार्वजनिक प्रयोजन म्हणजे काय हे सरकार ठरवणार आणि रयतेने ऐकायचे, हा त्याचा गाभा. याच कायद्याखाली टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळातल्या जमिनी घेतल्या गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर कायदा तसाच राहिला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून अनुच्छेद ३००अ मध्ये ठेवला. नव्या मुंबईच्या निमित्ताने जमिनी गेलेल्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंडातील साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याची योजना त्या रक्तातून आली. सरकारने आपण होऊन ती दिलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने पहिल्यांदा विचारण्याची पायरी घातली. खासगी कंपनीसाठी संपादन करायचे तर ऐंशी टक्के, आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी. सामाजिक परिणामांचे मूल्यांकन हवे, जनसुनावणी हवी. ही मोठीच सुधारणा होती. पण तिच्यातून एक वाट निसटून गेली. सरकार स्वतःच्या मालकीसाठी आणि ताब्यासाठी जमीन घेत असेल तर संमतीची अट नाही, आणि बांधकाम खात्याचा रस्ता हा सरकारच्याच मालकीचा. ओलिताखालची बहुपिकी जमीन शक्यतो घेऊ नये, असे त्याच कायद्याचे दहावे कलम सांगते. पण रेल्वे, महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, कालवे असे 'रेषीय' प्रकल्प त्या कलमातून वगळलेले आहेत. भूमितीत रेषेला लांबी असते, रुंदी नसते. कायद्याने रस्त्याला रेषा म्हटले आणि रुंदीचा प्रश्न शेतकऱ्यावर सोडला.

महाराष्ट्राने २०१८ साली या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. महामार्ग, नगररचना, म्हाडा आणि औद्योगिक विकास या विषयांवरचे राज्याचे चार कायदे एका नव्या अनुसूचीत घालून त्यांच्याखालील संपादन २०१३ च्या प्रक्रियेतून मोकळे केले. परवडणारी घरे, ग्रामीण पायाभूत सुविधा आणि तत्सम प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतला. म्हणजे घराचा कायदाही त्या यादीत आणि रस्त्याचा कायदाही त्या यादीत. मोबदल्याचे निकष राहिले, विचारण्याची पायरी काढून टाकता येईल अशी सोय झाली.

या पार्श्वभूमीवर खासगी नगरवसाहतींची नियमावली वाचावी. एकात्मिक नगरवसाहतीला परवानगी हवी असेल तर किमान ४० हेक्टर सलग जमीन आणि किमान १८ मीटर रुंदीचा पोचरस्ता लागतो. हा रस्ता आज जमिनीवर असलाच पाहिजे असे नाही. मंजूर आराखड्यावर प्रस्तावित असला तरी त्याचा आधार घेता येतो. नकाशावर ओढलेली ती रेघ कोणाच्या शेतावरून गेली आहे? चाळीस हेक्टर जमीन कंपनी बाजारातून खरेदी करते. तिथे शेतकऱ्याला नाही म्हणता येते, भाव वाढवून मागता येतो, वाट पाहता येते. रेघेखालच्या शेतकऱ्याला यांतले काहीही करता येत नाही, कारण त्याच्या समोर कंपनी नसते, सरकार असते. वसाहतीचा जीव ज्या रस्त्यात आहे, तो रस्ता वसाहतीचा भागच नाही असे मानून कायदा चालतो. घराला उंबरा असतो तसा वसाहतीला रस्ता. उंबऱ्यापुरता कायदा निराळा, हे कोणत्या तर्कात बसते?

असा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडलेला नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन या शहराने फायझर कंपनीच्या संशोधन केंद्रालगत नवा विकास करायचा म्हणून राहती घरे सक्तीने घेतली. सुझेट केलो या घरमालकिणीने दावा लढवला. २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने शहराच्या बाजूने निकाल दिला: आर्थिक विकास हेही सार्वजनिक प्रयोजनच. पुढे तो विकास झालाच नाही. २००९ मध्ये फायझरने तेथून जाण्याचे जाहीर केले आणि घरे पाडलेली ती जमीन वर्षानुवर्षे ओसाड पडून राहिली. सार्वजनिक प्रयोजन हा शब्द सैल सोडला की शेवटी ना सार्वजनिक उरते, ना प्रयोजन.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पैशाचा. 'मोबदला इतका मिळतो की शेतकरी खुशीने देतात', असे सांगितले जाते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोन यांमधला गुणक लावतात आणि तेवढीच दिलासा रक्कम वर देतात, हे खरे. समृद्धी महामार्गासाठी सरकारने थेट खरेदीचा मार्ग वापरला आणि पाचपट दर दिला, हेही खरे. पण त्या पाचपटीची रचना बारकाईने पाहावी. थेट खरेदीला तयार होणाऱ्याला पंचवीस टक्के अधिक. तयार न होणाऱ्याची जमीन सक्तीने घेतली जाणारच, फक्त त्या पंचवीस टक्क्यांवाचून. म्हणजे निवड जमीन द्यावी की न द्यावी यांत नाही. ती जास्त पैसे घेऊन द्यावी की कमी घेऊन द्यावी, एवढ्यातच आहे. यावर केलेली सही 'खूष' या शब्दाला साजेशी आहे का, ते वाचकांनीच ठरवावे.

शिवाय 'बाजारभाव' ठरतो मागल्या तीन वर्षांतील नोंदणीकृत व्यवहारांवरून. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत जमिनी सहसा विकल्याच जात नाहीत. तिथे तो आकडा कितपत खरा असणार? रस्त्यामुळे जमिनीचे मोल वाढते ते रस्ता झाल्यावर, आणि वाढते ते टोकाच्या भूखंडाचे. ज्याच्या जमिनीवर डांबर पडले त्याला कालचा भाव, ज्याच्या दारी डांबर पोचले त्याला उद्याचा. गावात राहिलेल्या शेतकऱ्याची आणखी एक अडचण आहे. कोकणातला सातबारा सामायिक असतो. आजोबांच्या नावाखाली चुलत-मावस मिळून वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंदी राहिलेल्या. जमीन कसणारा एक, नावे अनेकांची. नोटीस निघाली की वर्षानुवर्षे शांत असलेला सातबारा जागा होतो, हिश्श्यांचे वाद न्यायालयात जातात आणि रक्कम तिथेच अडकते. खाचर मात्र पहिल्याच महिन्यात बुलडोझरखाली गेलेले असते. कूळ म्हणून नोंद नसलेला कसणारा आणि मजूर यांनाही २०१३ चा कायदा 'बाधित कुटुंब' मानतो. पण तीन वर्षांची उपजीविका सिद्ध करणारा कागद कातकऱ्याने कोठून आणायचा?

आणि जमीन केवळ चौरस मीटरांत मोजता येत नाही. कोकणातली खाचरे उतरंडीसारखी असतात. वरच्या खाचराचे पाणी बांध फोडून खालच्यात येते. मधून भराव टाकून रस्ता नेला, मोरी चुकीच्या जागी बसवली, की वरची खाचरे तुंबतात आणि खालची कोरडी पडतात. संपादन होते पाच गुंठ्यांचे, शेती मोडते दीड एकराची. जमिनीचे तुकडे पाडू नयेत म्हणून याच राज्यात १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे; शेतकऱ्याने तुकडा पाडला तर तो बेकायदा, रस्त्याने पाडला तर ते सार्वजनिक प्रयोजन. डोंगराचा पायथा कापून रस्ता काढण्याचे परिणाम काय होतात, हे दरडींच्या तालुक्यात सविस्तर लिहिण्याची आवश्यकता नसावी. ३० जुलै २०१४ रोजी दीडशेहून अधिक बळी घेणाऱ्या दरडीनंतर माळीण गावाचे आमडे येथे पुनर्वसन झाले; एप्रिल २०१७ मध्ये लोकार्पण झाले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या आरंभी नव्या गावातले रस्ते आणि भराव खचल्याच्या बातम्या आल्या. घाईने काढलेला रस्ता ज्यांच्यासाठी काढला त्यांच्याही उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप निकडीचा. 'लोक कंटेनरात राहत आहेत आणि तुम्ही प्रक्रियेच्या गप्पा मारता?' हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर देतो. खऱ्या निकडीसाठी कायद्यात जागा आहे. २०१३ च्या कायद्याचे चाळिसावे कलम नैसर्गिक आपत्तीच्या प्रसंगी तातडीने, पण आवश्यक तेवढीच किमान जमीन घेण्याची मुभा देते, आणि त्यासाठी पंचाहत्तर टक्के जादा मोबदला सांगते. आपत्तिग्रस्तांची घरे हे प्रयोजनही त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे. तळीयेसारख्या गावासाठी ही कलमे आहेत, त्यांचा उपयोग जरूर व्हावा. आमचा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. वसाहतीची जागा ठरते त्याच दिवशी रस्त्याची आखणी का ठरू नये? जागा आधी, घरे मग, आणि रस्ता सर्वांत शेवटी अशा क्रमाने काम चालले, की घरे उभी राहिल्यावर रस्त्याची निकड आपोआप तयार होते. मग ज्याचे खाचर वाटेत येते तो रातोरात खलनायक ठरतो; एका बाजूला दरडग्रस्त, दुसऱ्या बाजूला 'अडवणूक करणारा' शेतकरी. दोघेही एकाच डोंगराखालचे, एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे. त्यांना समोरासमोर उभे करून नियोजनातला ढिसाळपणा मात्र नामानिराळा राहतो. आपत्तीच्या निकडीत वेदना असते. दिरंगाईतून निर्माण केलेल्या निकडीत फक्त सोय असते.

तिसरा आक्षेप 'एका आडमुठ्याचा'. एका शेतकऱ्याच्या हट्टापायी गावाने ताटकळत राहायचे काय? नाही. सक्ती कधीच नको, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण आडमुठा कोण हे ठरवायच्या आधी त्याचे ऐकून घ्यावे लागते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या खटल्यात अनुच्छेद ३००अ चा अर्थ उलगडताना सात गोष्टी सांगितल्या: नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, सकारण निर्णय, खरेखुरे सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य भरपाई, प्रक्रियेतील तत्परता आणि तिची रीतसर पूर्तता. मोबदला हा या सातांतला केवळ एक आहे. आपल्याकडे बाकीचे सहा विसरून सातवा तेवढा मोजला जातो. खेड्यातल्या वाटेच्या तंट्यांसाठी आपल्याकडे फार जुनी व्यवस्था आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम यांखाली तहसीलदार वहिवाट पाहतो, जागेवर जातो, शेजाऱ्याचे कमीत कमी नुकसान कोणत्या बांधावरून होईल याचा विचार करून वाट देतो. बैलगाडीच्या वाटेला जर एवढा विचार मिळतो, तर अठरा मीटरच्या रस्त्याला त्याहून कमी का मिळावा?

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांवर आहे. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ती अनेक ठिकाणी अभ्यासक्रमातही आली. धरणाखाली गाव बुडते तेव्हा कादंबरीला लागणारे सारे काही मिळते: समूह, स्थलांतर, देवळाचा कळस, शेवटचा निरोप. रस्ता गाव बुडवत नाही. तो कोणाचे पाच गुंठे, कोणाचा आंबा, कोणाची विहीर, कोणाचा गोठा घेतो आणि पुढे जातो. हानी एकेकट्याची असते, समूहाची होत नाही, म्हणून तिची कथा होत नाही आणि आंदोलनही होत नाही. जे दुःख कथारूप घेत नाही ते धोरणालाही दिसत नाही, याची जाण आपल्या वर्गांतून यायला हवी. आमच्यासमोर बसणारी मुले याच वाड्यांतून येतात. त्यांना अलंकार आणि वृत्ते शिकवावीत, तशीच अधिसूचनाही संहिता म्हणून वाचायला शिकवावी: हिचा कर्ता कुठे आहे, हिचे विशेषण कोणाच्या सोयीचे आहे, 'बाधित' आणि 'प्रकल्पग्रस्त' या दोन शब्दांमध्ये कोणता हक्क गळून पडतो. भाषेचे शिक्षण यासाठी नसेल तर कशासाठी आहे?

आमचे मागणे फार नाही. गृहवसाहत आणि तिचा पोचरस्ता हा एकच प्रकल्प मानावा. वसाहत खासगी असेल तर रस्त्यालाही तीच ऐंशी टक्के संमतीची अट लागू करावी, किंवा कंपनीने ती जमीन बाजारात खूषखरेदीने घ्यावी. वसाहत आपत्तिग्रस्तांची असेल तर सरकारने सक्तीचा अधिकार जरूर वापरावा. पण घरांची जागा ठरवणाऱ्या ग्रामसभेतच रस्त्याची आखणी पर्यायांसह मांडावी, डोंगराचा आणि पाण्याचा अभ्यास आधी करावा, आणि ज्याची शेती मोडते त्याला पैशाबरोबर पर्यायी जमीनही द्यावी. प्रत्येक अधिसूचनेत 'सार्वजनिक प्रयोजन' या दोन शब्दांनंतर एक वाक्य सक्तीचे करावे: हा रस्ता कोठे जातो आणि त्याच्या टोकाला कोण राहते.

तळीयेच्या रस्त्याला या वाक्याची भीती वाटण्याचे कारण नाही. तो अभिमानाने उत्तर देऊ शकेल. ज्यांना ते वाक्य लिहिताना अडचण होईल, त्या रस्त्यांसाठी एका गुंठ्याचीही सक्ती होता कामा नये.